पाच जोड्या

माणसं पाठीमागून मोजायची नसतात, एवढी एकच गोष्ट बाबांनी मला नोकरीला लागताना शिकवली आणि मी नेमकी तीच विसरलो. विसरलो असं आज म्हणतो; खरं सांगायचं तर मला ती जमतच नव्हती. समोरून मोजायचं म्हणजे एकेकाच्या तोंडाकडे बघायचं, आणि त्या दहा तोंडांची मला भीती वाटायची. एकवीस वर्षांचा होतो. मिशी धड फुटली नव्हती. नवी खाकी मिळेपर्यंत बाबांचीच जुनी घालायचो, आईने कंबरेत आवळून दिलेली. शिट्टी फुंकली की आधी माझाच जीव दचकायचा.

आमचं घर पेणजवळ, जित्याच्या स्टेशनापासून चालत वीसेक मिनिटांवर, खाचरांच्या कडेला. भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल पेरायचा आणि सगळी थंडी घराभोवती वालाचा वास. मोड आलेले वाल घेऊन आई पहाटे सोलायला बसायची. चिमटीत दाणा दाबला की साल सुटून दाणा पातेल्यात पडायचा, आणि त्या टपटपीनेच मला जाग यायची. मग परातीत भाकरी थापल्याचा आवाज, मग बाबांचं खोकणं, आणि खोकण्यापाठोपाठ मोजणं. बाबा तुरुंगखात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण मोजायची खोड गेली नव्हती. दार उघडलं की कोंबड्या मोजायचे. ओटीवरच्या चपला मोजायचे. लग्नात पंगतीला बसले की समोरची रांग मोजून "एकवीस" असं पुटपुटायचे आणि मगच भाताला हात लावायचे. आम्ही भावंडं तोंडावर हात धरून हसायचो. आई मात्र कधी हसली नाही.

तिला कारण होतं. मी शाळेत असताना बाबांच्या टोळीतला एक कैदी कामावरून पळाला होता. टोळी म्हणजे सरकारी जागेवर कामाला नेलेले कैदी. बाबांचं काम त्यांच्यावर नजर ठेवायचं. मोजणी चुकली, गाडी तुरुंगात पोचली तेव्हा एक माणूस कमी. बाबा निलंबित झाले ते जवळजवळ दोन वर्षं. गावात कुणी म्हणालं, पैसे खाऊन सोडला. कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण पाण्याला गेलेल्या आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे. ती लोकांच्या शेतात लावणीला गेली, भारे वाहिले. बाबा ओटीवर बसून राहायचे, आणि घरात कुणी मोठ्याने बोललं तरी दचकायचे. पुढे चौकशीत सुटले, नोकरी परत मिळाली, पण घरात जी भीती शिरली ती गेली नाही. संध्याकाळी त्यांच्या सायकलची घंटी वाजेपर्यंत आई चुलीवरून भात उतरवायची नाही. आता मी साठी ओलांडली, बाबा नाहीत, आई नाही, सायकल तर कधीच भंगारात गेली; तरी कुठे सायकलची घंटी वाजली की मला भाताची वाफ आठवते.

मला तुरुंगखात्यातली ती नोकरी नकोच होती. मला रोह्याजवळ धाटावला कंपनीत जायचं होतं. माझ्याबरोबरची पोरं शिफ्टच्या बसने जायची, सुट्टीच्या दिवशी टेरिकॉटचे शर्ट घालून पेणच्या बाजारात फिरायची. बाबा म्हणाले, "कंपनी आज हाय, उद्या नाय. सरकार खय जात नाय." झालं, संपला विषय. गंमत अशी, की त्याच शिफ्टच्या बसने मी कामावर जायचो. ड्रायव्हर बाबांच्या ओळखीचा, तो मला रोह्याच्या अलीकडे उतरवायचा. बसमधली पोरं चिडवायची, "काय रे हरी, आज कितीजण पळवलेस?" मी हसायचो. डब्यातलं वालाचं बिरडं मात्र दुपारपर्यंत घशाखाली उतरायचं नाही.

रोह्याच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक जुनं सरकारी गोदाम होतं. त्याला तारेचं कुंपण घालून हंगामापुरता कैद्यांचा तळ केला होता. चांगल्या वर्तणुकीचे, शिक्षा बरीचशी भोगून झालेले दहा कैदी तिथे आणले होते. काम जंगलखात्याचं: जाळरेषा काढायची. डोंगराच्या अंगावरून गवताचा रुंद पट्टा साफ कापून न्यायचा, म्हणजे उन्हाळ्यात वणवा लागला तर पट्ट्यापाशी थांबतो. काम सोपं, पण गवत कापायला कोयता लागतो. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं! पहिल्या दिवशी ठाकूर हवालदारांनी पेटी उघडली आणि दहा कैद्यांच्या हातात दहा कोयते दिले. माझ्या हातात एक काठी. मी ठाकुरांकडे बघितलं, तर ते तंबाखू मळत म्हणाले, "बघतोस काय? सावलीत उभा रहा आणि डोळे उघडे ठेव."

ठाकूर हवालदार बाबांच्या हाताखाली तयार झालेले. जाडजूड, बोलके, रागावले तरी पाच मिनिटांत विसरणारे. त्यांचा मला फार आधार होता. ते कैद्यांशी घरच्यासारखं बोलायचे. "काय रे दामू, पोरीचं पत्र आलं काय?" असं विचारायचे. हा दामू खून करून आलेला होता. घाटावरचा उंच माणूस, शेताच्या बांधावरून भावाला मारलं. कधी आवाज चढवायचा नाही, वर बघायचा नाही, आणि गवत असं कापायचा की कोयत्याचा आवाजच यायचा नाही. त्याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटायची. सगळ्यांत म्हातारा नाना. तो त्यांचा मुकादम. कुणाला तहान लागली, कुणाला काटा लागला, ते नाना येऊन सांगायचा. दामूची शिक्षा पावसाळ्याच्या आत संपणार, हेही मला नानानेच सांगितलं होतं. "एक दिवस माफीचा कापला गेला तरी पोर रडंल हो साहेब. दिस मोजून ऱ्हायलाय तो." माफी म्हणजे चांगल्या वागण्याबद्दल शिक्षेत मिळणारी सूट.

मोजणीची रीत ठरलेली होती, अजूनही असेल. शिट्टी झाली की कैद्यांनी जोडीजोडीने जमिनीवर बसायचं, एकामागे एक. जोडी मोजायला सोपी, आणि बसलेला माणूस पटकन पळत नाही. आमच्या पाच जोड्या. कोयते पुढे गोणपाटावर ठेवायचे, ते वेगळे मोजायचे. ठाकूर समोर उभे राहून एकेकाच्या डोळ्यांत बघत, नाव घेत मोजायचे. मला मोजायला सांगितलं, की मी रांगेच्या मागून फिरायचो आणि काठीच्या टोकाने दाखवत जायचो: एक, दोन, तीन, चार, पाच. पाठी सगळ्या सारख्या. घामाने भिजलेले बनियन, चड्ड्या, मानेवर गवताची कुसळं. कामाला लागताना तुरुंगाचे सदरे काढून ते झाडाला अडकवायचे. पाठ तुमच्याकडे बघत नाही, म्हणून मला बरं वाटायचं. संध्याकाळी घरी गेलो की बाबा विचारायचे, "किती?" "दहा." "तोंडं बघितलीस?" मी म्हणायचो, "व्हय."

त्या दिवशी ठाकुरांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, वडखळला तिच्या मामाकडे. रजा मागितली असती तर मिळाली नसती. जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरा, तासा-दोन तासांत येतो. गाडी यायच्या आत येतोच. कुणाला बोलू नको." आणि गेलेसुद्धा. टेकाडावरून त्यांची टोपी खाली जाताना दिसली, मग दिसेनाशी झाली. मी, दहा खुनी-दरोडेखोर आणि दहा कोयते. गवत कापल्याचा खसखस आवाज चालू होता. मध्येच तो थांबला की माझ्या पाठीवर काटा यायचा. वाटायचं, आता वळले सगळे. कुणी शिंकलं तरी हात शिट्टीवर. घसा इतका कोरडा पडला होता की शिट्टी वाजेल की नाही याचीच शंका. नाना एकदा पाणी घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, बसा जरा. पाय थरथरतायत तुमचे." मी म्हणालो, "काम कर तुझं." एवढंसं पोर आणि रुबाब बघा!

ठाकूर आले नाहीत. खाली रस्त्यावर कैद्यांना तळावर नेणारी जाळीची गाडी येऊन थांबली, ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मी कशीबशी शिट्टी फुंकली आणि जमेल तेवढ्या जोरात ओरडलो, "चला! कोयते ठेवा! जोडीने बसा!" पायवाटेवरून, गवतातून माणसं येत गेली, गोणपाटावर कोयते पडत गेले, रांग बसली. मी नेहमीसारखा मागून फिरलो. पाच जोड्या. पुढे गेलो, कोयते मोजले. दहा. मला इतका आनंद झाला की रडू येईल असं वाटलं. निभावलं! ठाकुरांशिवाय निभावलं! मग कोयते पेटीत भरू लागलो. आमच्या प्रत्येक कोयत्याच्या मुठीवर लाल रंगाचा पट्टा होता. नऊ भरले, आणि दहावा हातात घेतला तर त्याला पट्टा नाही. मूठ झिजलेली, एका बाजूला चिंधी गुंडाळलेली. हा आमचा कोयता नव्हता.

मी मान वर केली आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा ती रांग समोरून बघितली. शेवटच्या जोडीत नानाशेजारी एक माणूस बसला होता. काळासावळा, हडकुळा, अंगात तसंच मळकं बनियन, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. ओळखीचा नाही. पलीकडे पायवाटेवर लाकडाची मोळी पडली होती आणि मोळीपाशी एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती. कातकरीवाडीतला माणूस. लाकडं घेऊन घरी चालला होता. खाकीवाला ओरडला "कोयते ठेवा", त्याने ठेवला. "बसा" म्हणाला, तो बसला.

"तू कोण रे?" माझा आवाज फाटला.

"लहू," तो म्हणाला.

"इथे का बसलास?"

"तुमीच बोल्लाव ना, बसा." वर न बघता म्हणाला. "लाकडं सुकीच हायत, साहेब. झाड नाय तोडला."

म्हणजे दहा नव्हतेच. नऊ होते. मी नावं घेतली, आणि दामूच्या नावाला कुणी ओ दिली नाही. खून केलेला दामू, हातात कोयता घेऊन, कुठे गेला देव जाणे. नानाला विचारलं तर म्हणाला, "मगाशी वरच्या अंगाला व्हता, साहेब. येईल. थांबा जरा." माझ्या डोळ्यांपुढे आईच आली. लोकांच्या शेतात चिखलात वाकलेली. ओटीवर बसलेले बाबा. खालून ड्रायव्हर ओरडला, "अरे, किती वेळ? मोजले ना?" आणि मी, ज्याला कुणी काही शिकवलं नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा नाही, मी ओरडलो, "मोजले! दहा!"

पुढचं लिहायला हात पुढे होत नाही, पण त्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलंय. मी लहूला म्हणालो, "चढ गाडीत." माझा हिशेब असा होता: तळावर फाटकापाशी सुभेदार फक्त डोकी मोजतो. दहा डोकी आत गेली की आजचं भागलं. तोवर ठाकूर येतील, दामूला शोधतील, काहीतरी करतील. लहूला सकाळी सोडून देऊ. सकाळी कसा सोडणार होतो, कुणास ठाऊक. बाकीच्यांनी आपापले सदरे चढवले होते; झाडाला एकच लटकत होता, दामूचा. तो मी स्वतःच्या हाताने लहूला दिला, आणि त्याने घातला. बाह्या बोटांच्या खाली आल्या. त्याने एवढंच विचारलं, "कवा सोडाल?" मी पेटीचं झाकण लावलं. त्याने बायकोला हाताने खूण केली, घरी जा म्हणून. तिने मोळी डोक्यावर घेतली नाही. तशीच उभी राहिली. बाकीचे नऊ जण बघत होते. शिक्षा झालेले, काय काय करून आलेले लोक, आणि ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मला आजही आरशात दाढी करताना दिसते.

गाडी निघाली. मी मागे फाळक्यापाशी, लहू माझ्या पायाशी. तो थरथरत नव्हता, मी थरथरत होतो. त्याला सवय होती, हे मला नंतर कळलं. मोळीसाठी जंगलखात्याने त्याला आधीही दोनदा असंच धरून बसवून ठेवलं होतं. डोंगराला वळसा घालून गाडी ओढ्याशी आली आणि वरच्या उतारावरून एक माणूस धावत येताना दिसला. उंच, नुसत्या बनियनवर, हातात कोयता. दामू! काहीतरी ओरडत होता, गाडीच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. मला एकच दिसलं, कोयता. मी जाळीवर काठी आपटत ड्रायव्हरला ओरडलो, "चल! जोरात चल! थांबू नको!" खरं सांगतो, मी त्याला पळून जाऊ दिलं असतं, पण माझ्याजवळ येऊ दिलं नसतं.

नाना उठला. दोन्ही मुठींनी ड्रायव्हरच्या केबिनवर आपटायला लागला. "थांबव! आपला माणूस हाय! थांबव गाडी!" बाकीचेही ओरडायला लागले. ड्रायव्हर घाबरून थांबला. दामू ओढ्यातून पाणी उडवत आला. मी काठी पुढे धरली होती. तो गाडीपाशी आला, कोयता खाली माझ्या बाजूला मूठ करून ठेवला आणि रस्त्यावर मांडी घालून बसला. एकटाच, मोजणीला बसतात तसा. धाप लागली होती. "साहेब," तो म्हणाला, "कोयता हरवला व्हता. गवतात गेला. कोयता नसला तर माफी कापली असती. हुडकत बसलो. शिट्टी ऐकली, पन म्हनलं मोकळ्या हातानं कसं जायाचं." मग वर बघून, पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी मला सोडून चाललावता?"

त्याचे डोळे घाबरलेले होते. महिनाभर मी ज्याला भीत होतो तो माणूस लहान पोरासारखा घाबरला होता. माझी गाडी दहा डोकी घेऊन तळावर पोचली असती तर हा दामू फरारी ठरला असता. दोन-चार महिन्यांची शिक्षा उरलेला माणूस फरारी, आणि मोळीवाला लहू कैदी, आणि मी शहाणा शिपाई, मोजणी बरोबर! मला तिथेच ओकारी आली. फाळक्याला धरून मी ओकलो आणि कुणी हसलं नाही. नानाने पाण्याची बाटली पुढे केली.

मी खाली उतरलो. सगळ्यांना रस्त्यावर बसवलं आणि समोरून मोजलं. एकेकाच्या तोंडाकडे बघून, नाव घेऊन. पाच जोड्या झाल्या, आणि मागे एकटा लहू उरला. त्याच्या अंगातला दामूचा सदरा मी काढून घेतला, त्याचा कोयता परत दिला. "जा," म्हणालो. तो गेला नाही. "अरे जा, तुझी बायको थांबलीय." तरी उभाच. मग हळूच म्हणाला, "माजा नाव लिवलाव काय?" मी म्हणालो, नाही रे बाबा, कुठेच नाही लिहिलं. तेव्हा तो वळला आणि रस्त्याच्या अगदी कडेने, मागे न बघता चालत गेला. माफ कर असं मला म्हणता आलं नाही. त्या वेळी ते सुचलंसुद्धा नाही, हे जास्त वाईट.

ठाकूर तळावर भेटले, घामाघूम झालेले, हातात पेढ्यांचा पुडा. "सगळं बरोबर?" "बरोबर," मी म्हणालो. नऊ माणसांपैकी कुणी, दामूने किंवा ड्रायव्हरने, कधी एक शब्द बाहेर काढला नाही. पावसाळ्याआधी दामू सुटला. घरी बाबांनी विचारलं, "किती?" "दहा." "तोंडं बघितलीस?" "व्हय," म्हणालो, आणि पहिल्यांदा ते खरं होतं. आईने भात वाढला. मला वाटतं बाबांना काहीतरी कळलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

यानंतर मी खात्यात तीस-पस्तीस वर्षं काढली, हवालदार झालो, सुभेदार झालो. मोजणी एकदाही चुकली नाही. निरोप समारंभात साहेबांनी तेच सांगितलं, शाल दिली, टाळ्या झाल्या. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, साधा माणूस आहे.

लहू मला पुन्हा एकदाच दिसला, सात-आठ वर्षांनी, पेणच्या एसटी स्टँडबाहेर. बायको करटुल्यांची टोपली घेऊन बसली होती, तो बाजूला उभा होता. मी गणवेशात होतो. माझं त्याच्याकडे लक्ष गेलं तेव्हा त्याचं माझ्याकडे आधीच गेलं होतं. मी तोंडातून अक्षरही काढलं नव्हतं. त्याने हातातली पिशवी खाली ठेवली आणि भर गर्दीत, लोकांच्या पायांमध्ये, तो जमिनीवर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.

मी वाकलो, त्याच्या खांद्याला हात लावला आणि म्हणालो, "ऊठ रे बाबा. ऊठ, लहू."

तो लगेच उठला, आणि मी पुढे काय सांगतो त्याची वाट बघत उभा राहिला.